शेजारच्या जिल्ह्याचा पत्ता

माझी नोकरी बुलडाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात आहे. कोणत्या, ते सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं उगाच अंगावर ओढून घेतील, आणि जे झालं त्यात त्यांच्याहून माझा वाटा मोठा आहे. माझ्या टेबलाकडे इतर वीस-पंचवीस विषयांबरोबर एक विषय असा आहे, की तो सांगितला की पाहुण्यांना वाटतं मी कमरेला पिस्तूल लावून फिरत असेन. अमली पदार्थ नियंत्रण. प्रत्यक्षात मी नऊ खात्यांना पत्रं पाठवते, दर महिन्याच्या बैठकीसाठी पोहे सांगते आणि खात्यांकडून आलेली माहिती एका तक्त्यात बसवून मुंबईला रवाना करते. तिथून ती दिल्लीला जाते असं म्हणतात.

तो तक्ता बघण्यासारखा असतो. देशाचं धोरण एक आहे, पण त्यासाठी वेगळा असा पैसा जिल्ह्यात कुणाच्याच हातात नाही. ज्याने त्याने आपल्या खात्याच्या तरतुदीतला थोडा भाग या कामाचा म्हणून दाखवायचा. पोलीस गाडीचं डिझेल आणि वास घेणाऱ्या कुत्र्याचा खुराक दाखवतात. वनखातं सातपुड्याच्या पायथ्याची गस्त दाखवतं; ती गस्त खरं तर वणव्यासाठी असते, पण फिरता फिरता गांजाची झाडं दिसली तर तीही बघतात, म्हणून निम्मा खर्च इकडे. शिक्षणवाले चित्रकला स्पर्धेचे रंगीत खडू दाखवतात. टपालखात्याचे गृहस्थ बैठकीला सगळ्यात आधी येऊन बसतात, आणि त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

जूनमध्ये व्यसनविरोधी दिनाला शाळांची एक प्रभातफेरी निघते. ती एकच फेरी पाच खात्यांनी आपापल्या नावावर लावलेली असते. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून ती चार ठिकाणी खोडली, तर दुपारपर्यंत चारही खात्यांचे फोन आले. साहेब हसून म्हणाले, असू द्या हो, पोरं पाच वेळा चालली असं समजा. तेव्हापासून मी खोडायचं सोडून दिलं.

तक्त्याला दोन बाजू आहेत. एक पकडण्याची, दुसरी बरं करण्याची. पकडण्याची बाजू भरायला मला कधी अडचण आली नाही. पकडलेलं दिसतं, पंचनामा होतो, पेपरात फोटो येतो. बरं करण्याची बाजू मात्र दर महिन्याला रिकामी. कारण उपचाराच्या खाटांना जागा आरोग्याने द्यायची, पैसा समाजकल्याणने द्यायचा, औषध वरून यायचं, आणि हे तिघं एकत्र येण्यासाठी एकच अट: जिल्ह्यात पुरेसे नोंदलेले रुग्ण हवेत. आमच्या जिल्ह्याचे नोंदलेले रुग्ण एका हाताच्या बोटांवर मोजून होत. बैठकीत ते वाचून दाखवलं की सगळ्यांना बरं वाटायचं. आपल्याकडे तसं काही नाही, असं दरवेळी कुणीतरी म्हणायचंच. मीही काही वर्षं तसंच समजत होते.

माझा धाकटा भाऊ जळगाव जामोदला पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करायचा. लहानसं दुकान, पण हात चांगला. चार गावं सोडून लोक त्याच्याकडे जळलेल्या मोटारी आणत. एका विहिरीतून मोटार वर ओढताना दोर सुटला आणि तो काठावर आपटला. कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावर कॅप्सूल दिली. काही महिन्यांनी कंबर बरी झाली, कॅप्सूल मात्र चालूच राहिली. पुढे ती पुरेनाशी झाली आणि कुणीतरी त्याला सुई दाखवली. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मला कळलं ते त्याची बायको लेकीला घेऊन सकाळच्या बसने बुलडाण्याला आली तेव्हा. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून रिकाम्या पाकिटांचा ढीग काढून माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, आता तुम्हीच पाहा.

आमचे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या भागात त्यांच्या शब्दाला मान आहे. व्यसनांवर बोलायला त्यांना गावोगाव बोलवत, आणि ते बोलतही छान. मुलाचं कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, की उपचार करा, लागेल तो खर्च मी देतो, पण या जिल्ह्यातल्या कोणत्याही कागदावर त्याचं नाव येता कामा नये.

मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट मला हायसं वाटलं. कागद कसे फिरतात ते मला बाबांपेक्षा जास्त माहीत होतं. गोपनीय असा शिक्का मारलेला कागद आमच्याकडे सगळ्यात आधी वाचला जातो. शिवाय मी ज्या विषयाची कारकून, त्याच विषयात माझा भाऊ. लोकांना चघळायला आयतंच मिळालं असतं.

शेजारच्या जिल्ह्यात एक सरकारी उपचार केंद्र होतं. त्याचंही नाव घेत नाही, तिथल्या माणसांनी आमचं भलंच केलं. तिथे जिभेखाली ठेवायची गोळी देतात. ती घेतली की अंग मोडत नाही, तलफ येत नाही, माणूस कामाला लागतो. ती गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. तिथल्या समुपदेशक बाईंनी पत्ता विचारला, पुरावा मागितला नाही. त्या गावात माझ्या नवऱ्याची चुलत बहीण राहते. मी तिचा पत्ता सांगितला. भावाचे हात थरथरत होते, म्हणून अर्ज मीच भरला. वळणदार अक्षरात, घर क्रमांकासकट.

सुरुवातीला त्याला रोज जावं लागलं. पंधरा-वीस दिवस तो माझ्या त्या नणंदेकडेच राहिला. पुढे आठवड्याच्या गोळ्या मिळू लागल्या. जाण्याचा दिवस म्हणजे पहाटेची बस, रांग, परतीची बस, आणि दुकान बंद. पण तो सुधारला. आठ महिन्यांत त्याचा चेहरा परत आला. लेकीला शाळेत सोडायला जाऊ लागला. दिवाळीला आला तेव्हा माझा मिक्सर उघडून बसला आणि नीट करूनच उठला. त्या दिवशी तो मला म्हणाला, "ताई, हे गोळी अथीच भेटली असती त मी सकाळी घेऊन दुकान उघडलं असतं. आठवड्याचा एक दिवस जाते माहा." मी म्हटलं, मिळेल रे, काम चालू आहे. काम वगैरे काही चालू नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

एकदा मी रजा टाकून त्याच्याबरोबर केंद्रावर गेले. रांगेत बघते तर आमच्याच बैठकीला येणारे एका खात्याचे अधिकारी. उन्हाळा नसताना तोंडाला रुमाल बांधलेला. शेजारी त्यांचा मेहुणा, डोळे खोल गेलेला. आमची नजरानजर झाली. त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला, मी मोबाइल काढला. तासभर आम्ही दोघं चार हातांवर उभे होतो आणि एकमेकांना दिसत नव्हतो.

समुपदेशक बाई हसऱ्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या बाजूची बस लागली की आमची ओसरी भरते. मी दचकले. त्या शांतपणे म्हणाल्या, अहो, बोली लपते का? देऊळघाटचे येतात, मेहकरकडचे येतात, अगदी हिवरा आश्रमाच्या बाजूचेही येतात. सगळे इथलेच पत्ते सांगतात. स्टँडमागच्या एका लॉजचा पत्ता तर इतक्या जणांनी दिलाय, की तेवढी माणसं खरंच तिथे राहत असती तर जिना कोसळला असता. आम्ही काही विचारत नाही, येतायत ना, पुष्कळ झालं. मग त्यांनी कौतुकाने दाखवलं, की रुग्ण वाढले म्हणून त्यांना नव्या खाटा मंजूर झाल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये मला सगळं कळलं. आमचा तक्ता रिकामा होता तो आमच्याकडे रुग्ण नव्हते म्हणून नाही. आमच्या घरांना अब्रू होती म्हणून. आम्ही आमची माणसं बसमध्ये बसवून शेजारच्या जिल्ह्याच्या आकड्यात भरत होतो, आणि आमच्या वाट्याच्या खाटा आमच्याच हाताने त्यांना देऊन येत होतो. मला स्वतःची चीड आली. पण बस बुलडाण्याचा घाट चढेपर्यंत मी स्वतःची समजूतही घातली, की माझ्या एकटीच्या बोलण्याने काय होणार.

नंतरच्या हिवाळ्यात बोलायची वेळ आलीच. आमच्याकडे मनोविकारांच्या एक डॉक्टर नव्याने आल्या होत्या. तरुण, कामाची आच असलेल्या. त्यांनी दहा खाटा आणि गोळ्यांचं केंद्र आपल्या जिल्ह्यात व्हावं असा प्रस्ताव तयार केला. आरोग्याने जागा दाखवली. समाजकल्याणकडे त्या वर्षी पैसा होता, मार्चआधी खर्चायचाच होता. असा योग आमच्याकडे क्वचित येतो. अडलं ते रुग्णसंख्येवर. डॉक्टर बैठकीत म्हणाल्या, ओपीडीत बसून मला जाणवतं की रुग्ण याहून बरेच जास्त आहेत, पण नाव नोंदवायचं म्हटलं की उठून जातात.

साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. याहून जास्त असतील असं कुणाला खात्रीने सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं, हे मला मान्य करायला हवं. मी त्यांच्या डाव्या हाताला इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. समोर रुमालवाले अधिकारी. आम्ही एकदाच एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही खाली पाहिलं. पोहे थंड होत होते.  मग मी वहीत लिहिलं: स्थानिक मागणी अत्यल्प असल्याने प्रस्ताव तूर्त स्थगित. समाजकल्याणचा पैसा मार्चमध्ये परत गेला.

उन्हाळा सरता सरता एक पत्र माझ्या टेबलावर आलं. वरच्या बैठकीत जिल्ह्यांच्या तरतुदींचा ताळमेळ घेतला होता. काही केंद्रांना औषध कमी पडत होतं, कारण बाहेरचे रुग्ण त्यांच्या साठ्यावर चालत होते. म्हणून ठरलं होतं, की ज्या त्या जिल्ह्याने आपल्या रुग्णांचा भार आपल्या तरतुदीतून उचलावा, केंद्रांनी आधार कार्डावरचा पत्ता पाहूनच गोळी द्यावी, आणि बाहेरच्यांना त्यांच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे वर्ग करावं. वाचायला किती व्यवस्थित होतं ते. मी त्यावर आवक क्रमांक घातला. मग पुन्हा वाचलं आणि भावाकडे किती दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतील ते मनात मोजलं.

समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांचा आवाज उतरलेला होता. म्हणाल्या, माझ्या हातात काही राहिलं नाही, तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्राचं पत्र आणा. आमच्या जिल्ह्यात केंद्र नाही, हे मी त्यांना काय सांगणार? ते नसण्याचं वाक्य माझ्याच अक्षरात होतं.

मी साहेबांकडे गेले. असा एखादा रुग्ण असेल तर काय करावं, असं मोघम विचारलं. ते म्हणाले, टिपणी ठेवा. मी बिननावाची टिपणी ठेवली. ती आरोग्याकडे गेली, आरोग्याने समाजकल्याणचा अभिप्राय मागितला, समाजकल्याणने विचारलं की असे रुग्ण किती आणि कोण. बिनचूक प्रश्न होता. त्या तरुण डॉक्टर माझ्या टेबलापासून दोन इमारती पलीकडे बसत. नाव घेऊन त्यांच्याकडे गेले असते तर त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर बाबा आले.

गोळ्या संपल्यावर पहिले चार-पाच दिवस भाऊ घरीच तळमळत पडला होता. त्याची बायको पाय दाबत बसायची. नंतर तो दुकानात जाऊ लागला, आम्हाला वाटलं निभावलं. दुसऱ्या आठवड्यात त्याचा मला कार्यालयात फोन आला. आवाज मऊ होता, भांडणाचा नव्हता.

"ताई, तुह्या हाताखालून कागद जातेत ना?"

मी म्हटलं, हो.

"मंग माह्या नावानं एक कागद काऊन नाई टाकत? माहं नाव टाक. मले आता लाज नाई राह्यली."

मी म्हटलं, टाकते. बाबांशी एकदा बोलते आणि टाकते.

बाबांशी बोलायला मी रविवारी जाणार होते. शुक्रवारी सकाळी शेजारच्या चहावाल्याला दुकानाचं शटर अर्धं खाली दिसलं. तो आत वाकून बघतो तर भाऊ वायंडिंगच्या टेबलाखाली पडलेला. त्याने जुन्याच मापाने सुई घेतली होती. इतक्या महिन्यांनी शरीराला ते माप सोसत नाही, हे मला नंतर कळलं. गोळी चालू असताना त्याला कुणी हे सांगितलं असेल, नसेल. गोळी चालू राहिली असती तर सांगायची गरजच पडली नसती. तो सदतीस वर्षांचा होता.

चौकशीला आलेला पोलीस बाबांचा विद्यार्थी निघाला. त्याने आधी वाकून नमस्कार केला. बाबा म्हणाले, त्याच्या छातीत दुखत होतं दोन दिवसांपासून. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हृदयविकार असं लिहिलं गेलं आणि दुपारी आम्ही भावाला स्मशानात नेलं.  भावजय अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मला बाबांचा राग आला. अजूनही येतो. पण त्यांनी फक्त सांगितलं होतं. पत्ता मी भरला, इतिवृत्त मी लिहिलं, मान मी हलवली.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी प्रस्ताव पुन्हा काढला. बैठकीच्या दिवशी सकाळीच त्या माझ्या टेबलापाशी आल्या. थोडे रुग्ण कमी पडतायत, म्हणाल्या. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, एक नाव लिहून घ्या. मग मी भावाचं नाव सांगितलं, वय सांगितलं, जळगाव जामोदचा पत्ता सांगितला. किती दिवसांपासून, ते सांगितलं. त्या भराभर लिहीत होत्या, चेहरा उजळला होता. सध्या उपचार कुठे चालू आहेत, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वारला तो. माझा भाऊ होता.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझा हात धरला. मग खूप हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हयात रुग्णच धरता येतात हो." मृत्यूंचा रकाना वेगळा असतो, तो पोलिसांच्या माहितीवरून भरतात, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. तो रकाना मीच भरते. त्यात आमच्या घरचं काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, हयात असलेलं एखादं माहीत आहे का?

माहीत होतं. ते गृहस्थ तेव्हाच जिन्याने वर येत होते. मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. आजवर आम्ही त्या रांगेबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. मी त्यांना सगळं सांगितलं. पत्र आलं ते, गोळ्या संपल्या ते, टेबलाखालचं, सगळं. तुमचा मेहुणा अजून आहे, त्याचं नाव द्या, अजून कुणी असतील त्यांनाही सांगा, असं मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. येणारेजाणारे बघत होते.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, ते खोटं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाचं नाव आलं का कुठं कागदावर?"

मी म्हटलं, नाही.

"मंग आमच्याच घरचं काऊन?"

एवढं बोलून ते आत जाऊन आपल्या जागेवर बसले. मीही वही घेऊन आत गेले. रुग्णसंख्येचा आकडा गेल्या वर्षी होता तोच वाचून दाखवला.